मेडिकेअरचा हप्ता एकदम दीडपट का झाला?

प्रश्न: मी ६७ वर्षांचा, राहणार न्यू जर्सी. डिसेंबर २०२४ अखेर नोकरी सोडली आणि जानेवारी २०२५पासून मेडिकेअर, म्हणजे ६५ पुढच्यांचा अमेरिकेतला सरकारी आरोग्यविमा, घेतलं. गेल्या वर्षी त्यातल्या पार्ट बीचे (डॉक्टर आणि ओपीडीच्या भागाचे) महिन्याला १८५ डॉलर जायचे. यंदा, २०२६मध्ये, सोशल सिक्युरिटीतून (सरकारी पेन्शनमधून) २८४.१० कापले जातात, शिवाय पार्ट डीच्या (औषधांच्या भागाच्या) नावाने १४.५० वेगळे. २०२४चं आमचं उत्पन्न जास्त होतं म्हणून ही वाढ, असं पत्रात लिहिलंय. त्या वर्षी पगार होताच, वर १९९८ साली घेतलेला कोथरूडचा वन बीएचके विकला. त्याचा टॅक्स भारतात भरला आणि इथे त्याचं क्रेडिटही मिळालं. मग हा भुर्दंड कशाचा? आता तर उत्पन्न निम्म्यावर आलंय. मार्चपासून हिचंही मेडिकेअर सुरू होतंय, आणि पुढेमागे साताऱ्याच्या घरातला हिचा हिस्सा विकायचा आहे. काय करावं?

उत्तर: आधी कामाचं सांगतो, कारणमीमांसा मागून.

सोशल सिक्युरिटी खात्याच्या साइटवर एसएसए-४४ नावाचा फॉर्म आहे, तो भरा. आयुष्यात ठरावीक प्रकारची उलथापालथ झाली आणि त्यामुळे उत्पन्न खाली आलं, तर दोन वर्षांपूर्वीचा आकडा न धरता अलीकडचा धरा, असं सांगण्याची ती सोय आहे. लग्न, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू, नोकरी सुटणं किंवा कामाचे तास कमी होणं, पेन्शन बंद पडणं अशी मोजकीच कारणं त्यात चालतात. तुमचं कारण ‘काम थांबलं’ हे. त्यापुढे नोकरी संपल्याची तारीख आणि २०२५चं उत्पन्न लिहा. कंपनीचं निवृत्तीचं पत्र जोडा, २०२५चं रिटर्न भरून झालं असेल तर त्याची प्रतही जोडा. मंजुरी मिळाली की फरक जानेवारीपासून परत मिळतो. नामंजूर झालं तर फेरविचाराची विनंती करायला ६० दिवस असतात.

फॉर्ममध्ये कोथरूडच्या फ्लॅटचा पाल्हाळ लावू नका. ‘उत्पन्न देणारी मालमत्ता गेली’ असंही एक कारण यादीत आहे आणि ते वाचून अनेकांना वाटतं की हे आपलंच. पण ते पूर, आग, चोरी असल्या हाताबाहेरच्या नुकसानासाठी आहे. आपण होऊन विकलेलं घर त्यात बसत नाही. रॉथ कन्व्हर्जन (निवृत्तीच्या साध्या खात्यातले पैसे टॅक्स भरून रॉथ या करमुक्त खात्यात हलवणं) किंवा शेअर्सचा नफाही बसत नाही. तुमचं नशीब एवढंच की नोकरीही त्याच वर्षी संपली. तुम्ही कळवलेल्या आकड्यांनुसार २०२४चं उत्पन्न असं: पगार १,४०,०००, व्याज-डिव्हिडंड वगैरे ४५,०००, फ्लॅटचा नफा सुमारे ५५,०००, एकूण २,४०,००० डॉलर. जोडप्याची यंदाची मर्यादा २,१८,०००. पगार वजा केला तर उरतात एक लाख, म्हणजे नोकरी सुटल्यामुळेच तुम्ही मर्यादेच्या खाली आलात हे सरळ दिसतं. एवढं दाखवणं पुरे. बायकोसाठी फॉर्म वेगळा लागेल. रिटर्न एकत्र भरत असलात तरी मेडिकेअरच्या लेखी तुम्ही दोन स्वतंत्र माणसं आहात, आणि तिच्या हप्त्यावरही तुमच्या त्याच २,४०,०००चा शिक्का बसणार.

आता कारण. तुमच्या पार्ट बीमध्ये ९९.१० डॉलरची वाढ झाली. त्यातले १७.९० सगळ्यांच्याच वाढले, ८१.२० फक्त तुमचे.

सगळ्यांची वाढ आधी उरकतो. पार्ट बीच्या अंदाजे खर्चाचा चौथा हिस्सा हप्त्यातून यावा, असा कायदा आहे. बाकीचा भार सरकारी तिजोरीवर. म्हणून डॉक्टरांची बिलं, ओपीडीतल्या तपासण्या आणि दवाखान्यात टोचली जाणारी महागडी औषधं जशी वाढतात, तसा हप्ताही चढतो. २०२२ साली तो १४८.५०वरून एकदम १७०.१० झाला, त्यात अल्झायमरवरच्या अॅडुहेल्म या एकाच औषधासाठी धरून ठेवलेल्या तरतुदीचा मोठा वाटा होता. पुढे कंपनीने किंमत निम्मी केली, मेडिकेअरनेही ते औषध फक्त चाचण्यांपुरतं मान्य केलं, आणि २०२३चा हप्ता खाली येऊन १६४.९० झाला. असं खाली येणं क्वचितच घडतं. त्यानंतर १७४.७०, मग १८५, आणि यंदा २०२.९०. जखमेवर लावायच्या कृत्रिम त्वचेच्या बिलांना सरकारने चाप लावला नसता, तर यंदा आणखी सुमारे ११ डॉलर वाढले असते, असं मेडिकेअरच्याच घोषणेत म्हटलं होतं.

यंदा सोशल सिक्युरिटी २.८ टक्क्यांनी वाढली, सरासरी निवृत्ताला महिना ५६ डॉलर. त्यातले जवळजवळ १८ हप्त्यानेच गिळले. ज्यांची पेन्शन फार तुटपुंजी आहे त्यांना एक संरक्षण आहे: हप्त्यातली वाढ पेन्शनमधल्या वाढीपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. पण यंदाच्या हिशेबाने महिन्याला साधारण ६४० डॉलरपेक्षा कमी मिळणाऱ्यांनाच त्याचा उपयोग. आणि ज्यांना उत्पन्नाचा अधिभार लागतो, त्यांना हे संरक्षण मुळीच नाही.

हा अधिभार म्हणजे इर्मा. २००३च्या कायद्याने तो आला, २००७पासून पार्ट बीला लागू झाला आणि २०११पासून पार्ट डीलाही. सर्वसाधारण माणूस खर्चाचे २५ टक्के देतो. उत्पन्न जास्त असेल त्याने ३५, ५०, ६५, ८० किंवा ८५ टक्के द्यायचे, अशा पाच पायऱ्या आहेत. यंदा जोडप्याला २,१८,०००पर्यंत काही नाही. त्यापुढे २,७४,०००पर्यंत पहिली पायरी, ३,४२,०००पर्यंत दुसरी, ४,१०,०००पर्यंत तिसरी, साडेसात लाखांपर्यंत चौथी, नंतर शेवटची. एकट्या माणसासाठी सुरुवात १,०९,०००पासून. पहिल्या पायरीवर पार्ट बी २८४.१०, शेवटच्या पायरीवर ६८९.९०. पार्ट डीचा अधिभार १४.५०पासून ९१पर्यंत, आणि तो तुमच्या औषध-योजनेच्या हप्त्याशिवाय वेगळा. टीव्हीवर शून्य हप्त्याच्या अॅडव्हान्टेज (खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर) योजनांच्या जाहिराती लागतात. त्या घेतल्या तरी पार्ट बी आणि अधिभार सुटत नाही.

ध्यानात ठेवायची गोष्ट ही की इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखा हा हळूहळू चढत नाही. मर्यादेच्या वर एक डॉलर गेला तरी पायरी पूर्ण लागते. पहिल्या पायरीचा खर्च माणशी वर्षाला १,१४८.४०, जोडप्याला २,२९६.८०.

क्रेडिटबद्दल तुम्ही विचारलंत. फॉरेन टॅक्स क्रेडिट तुमचा अमेरिकेतला टॅक्स कमी करतं, उत्पन्न कमी करत नाही. इर्माचा हिशेब टॅक्स लागण्याच्या आधीच्या आकड्यावर होतो: २०२४च्या इथल्या रिटर्नची, म्हणजे फॉर्म १०४०ची, ११वी ओळ, अधिक करमुक्त व्याज. स्टँडर्ड डिडक्शन त्या ओळीच्या खाली येतं, म्हणून त्याचा इथे उपयोग नाही. २०२५पासून ६५ वर्षांपुढच्यांना मिळणारी सहा हजारांची नवी वजावटही खालीच. तिने टॅक्स वाचेल, इर्मा वाचणार नाही. या वर्षी ही गल्लत मला पुष्कळ ठिकाणी दिसते.

भारतातल्या उत्पन्नाचंही असंच. एनआरई (परदेशस्थांच्या भारतातल्या बँकखात्यातल्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, म्हणून ते इथेही मोजायचं नाही असं धरून चालणारे लोक आहेत. ते इथे साधं करपात्र व्याज आहे. पीपीएफचं व्याजही धरावं लागतं. पुण्यातल्या घराचं भाडं खर्च वजा करून धरावं लागतं. फ्लॅट विकून त्याच पैशात दुसरा घेतला आणि कलम ५४खाली भारतात एक रुपया टॅक्स लागला नाही, तरी अमेरिकेच्या लेखी नफा तो नफाच. उलट इथल्या म्युनिसिपल बाँडचं व्याज टॅक्समधून सुटतं, पण इर्मासाठी पुन्हा उत्पन्नात धरलं जातं. काय मोजत नाहीत तेही सांगतो: रॉथमधून काढलेले पैसे, औषधपाण्यासाठी एचएसए या आरोग्यखर्चाच्या बचतखात्यातून काढलेले पैसे, आणि इथलं राहतं घर विकल्यावर जोडप्याला मिळणारी पाच लाखांपर्यंतची सूट. या शेवटच्या मुद्द्यावर एक खोच आहे. एडिसन, प्लेन्सबरोकडे तीसेक वर्षांपूर्वी घेतलेल्या घरांचा नफा आता पाच लाखांच्या वर सहज जातो, आणि वरचा भाग पूर्ण मोजला जातो.

तुमच्या फ्लॅटचा नफा ५५ हजार कसा, तेही पडताळून घ्या, कारण इथे लोक अनेकदा स्वतःचंच नुकसान करतात. रुपयातला नफा काढून त्याचे डॉलर करायचे नसतात. खरेदीची किंमत खरेदीच्या दिवसाच्या दराने, विक्रीची किंमत विक्रीच्या दिवसाच्या दराने, आणि मग वजाबाकी. १२ लाखांना घेतला तेव्हा डॉलर साधारण ४१ रुपये होता, म्हणजे २९ हजार डॉलर. ७० लाखांना विकला तेव्हा ८४, म्हणजे ८३ हजार. नफा ५४ हजारांच्या आसपास. रुपयातले ५८ लाख घेऊन ८४ने भागले असते तर ६९ हजार आले असते. रिटर्नमध्ये तसं झालं असेल तर सुधारित रिटर्न भरा, त्याची प्रत सोशल सिक्युरिटीला देता येते. तुमचा फ्लॅट भाड्याने दिलेला नव्हता म्हणून गणित सोपं आहे. भाड्याने असता तर घसाऱ्याचाही हिशेब आला असता.

आता पुढचं. तुमचं २०२५चं उत्पन्न मर्यादेच्या बरंच खाली आहे, त्यामुळे २०२७चा हप्ता आपोआप मूळपदावर येईल. इर्मा दर वर्षी नव्याने ठरतो, एकदा लागला म्हणजे कायमचा चिकटला असं नाही. माझं लक्ष त्यापुढच्या काळाकडे आहे. तुमच्या वयाला आयआरए या निवृत्तीच्या बचतखात्यातून सक्तीने पैसे काढणं ७३व्या वर्षी सुरू होतं, तुमच्या मिसेस १९६० किंवा नंतरच्या असतील तर त्यांचं ७५व्या वर्षी. ४०१केमध्ये (कंपनीमार्फतच्या निवृत्ती-खात्यात) आयुष्यभर साठवलेलं तेव्हा पगारासारखं बाहेर येऊ लागतं, आणि सोशल सिक्युरिटीचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग करपात्र असतो तो वेगळाच. हातात पाचसहा वर्षं आहेत. या वर्षांत दर वर्षी थोडं थोडं आयआरएतून रॉथमध्ये हलवावं, हे माझं स्पष्ट मत.

किती हलवावं? ‘२२ टक्क्यांचा स्लॅब भरून घ्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. ६५ पार केलेल्या जोडप्यासाठी यंदा तो स्लॅब २,४७,०००च्या आसपासच्या उत्पन्नापर्यंत जातो. म्हणजे तो सल्ला डोळे झाकून पाळला तर इर्माची पहिली पायरी कधी ओलांडली हे कळतही नाही. दोनच शहाणपणाच्या जागा आहेत. एक तर मर्यादेच्या पाचसहा हजार अलीकडे थांबा. नाहीतर पायरी चढायचीच तर पुरती चढा. मर्यादेच्या वर पाच हजार गेले तर २,२९७ डॉलरचा अधिभार म्हणजे त्या पाच हजारांवर जवळजवळ ४६ टक्के दंड. पन्नास हजार नेले तर तोच अधिभार साडेचार टक्के पडतो, आणि पुढे सक्तीने काढाव्या लागणाऱ्या मोठ्या रकमा वरच्या स्लॅबमध्ये जाण्यापेक्षा हे पुष्कळदा परवडतं. इर्माच्या धास्तीने रॉथ कन्व्हर्जन अजिबात न करणारे लोक दोन हजार वाचवतात आणि पुढे त्याच्या कितीतरी पट भरतात.

कन्व्हर्जन शक्यतो डिसेंबरमध्ये करा. म्युच्युअल फंड वर्षाअखेरीस जे कॅपिटल गेन वाटतात ते तोवर कळलेलं असतं, आणि २०१८पासून केलेलं कन्व्हर्जन उलटवता येत नाही. २०२६चं उत्पन्न २०२८च्या हप्त्याला लागेल आणि त्या वर्षीच्या मर्यादा अजून जाहीर व्हायच्या आहेत. अलीकडे त्या महागाईप्रमाणे वाढताहेत: जोडप्यासाठी २०२४ला २,०६,०००, २०२५ला २,१२,०००, आता २,१८,०००. म्हणून आजचाच आकडा धरून चालणं सुरक्षित. (२०११ ते २०१९ त्या १,७०,०००वर गोठवून ठेवल्या होत्या, हेही विसरू नका. संसदेच्या मनात आलं तर पुन्हा गोठवतील.) तुमच्या ओळखीतले जे अजून साठीला टेकताहेत त्यांना सांगा की मोठी कन्व्हर्जन्स आणि मोठ्या विक्रीची कामं ६२पर्यंत आटपून घ्या, ६५चा हप्ता ६३च्या उत्पन्नावर ठरतो.

साडेसत्तर वयानंतर आणखी एक वाट खुली होते: आयआरएतून थेट धर्मादाय संस्थेला देणगी. ती रक्कम उत्पन्नात येतच नाही, आणि ७३नंतर सक्तीच्या रकमेतही धरली जाते. २०२६साठी मर्यादा माणशी १,११,०००. पैसे आयआरएतून थेट संस्थेकडे गेले पाहिजेत, ४०१केमधून चालत नाही. संस्था अमेरिकेत करमुक्त म्हणून नोंदलेली हवी, त्यामुळे गावच्या देवळाला परस्पर पाठवलेले पैसे यात बसणार नाहीत. इथल्या मंडळाची तशी नोंदणी असेल तर देणगी जरूर द्या. पण गणेशोत्सवाच्या जेवणाची तिकिटं त्याच चेकमधून घेऊ नका, मोबदला मिळाला की सवलत गेली.

एक विषय तुम्ही विचारलेला नाही, तरी मला तो इर्माच्या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोघांपैकी एक गेला की मर्यादा निम्मी होते, उत्पन्न मात्र निम्मं होत नाही. आयआरए जोडीदाराकडे येतो, सक्तीची रक्कम जवळपास तेवढीच राहते, फक्त दोनपैकी लहान सोशल सिक्युरिटी बंद पडते. समजा दोघांचं उत्पन्न दीड लाख होतं: अधिभार शून्य. मागे राहिलेल्या बाईचं १,४०,००० उरलं: एकटीच्या कोष्टकात ती थेट दुसऱ्या पायरीवर. आजच्या दराने पार्ट बी ४०५.८०, डीचे वर ३७.५०, म्हणजे महिना २४० डॉलर जादा. हे लगेच होत नाही. मृत्यूच्या वर्षीचं रिटर्न अजून जोडप्याचंच असतं, म्हणून फटका साधारण तिसऱ्या वर्षी बसतो, तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. एसएसए-४४मध्ये जोडीदाराचा मृत्यू हे कारण आहे खरं, पण उत्पन्न घटलेलंच नसेल तर फॉर्म काय करणार? आपल्याकडे पैशाचे व्यवहार बहुतेक घरांत एकानेच पाहिलेले असतात, आणि हा हिशेब नेमका दुसऱ्याच्या वाट्याला येतो. रॉथ कन्व्हर्जनचा माझा आग्रह मुख्यतः यासाठी: दोघं असताना, मोठ्या मर्यादेत, कमी दराने काढलेलं पुढे तिला किंवा तुम्हाला उपयोगी पडेल.

भारतात परत जायचा बेत असेल तर मेडिकेअर तिकडे काही देत नाही हे माहीत असेलच. पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) फुकट मिळत असेल तर ठेवा. पार्ट बी सोडलं आणि नंतर परत घ्यायचं झालं, तर दर पूर्ण बारा महिन्यांमागे दहा टक्के दंड आयुष्यभर. नातवंडं इथे असतील तर सोडण्याआधी दोनदा विचार करा.

राहिलं साताऱ्याचं घर. ते तुमच्या सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं आणि त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं, ते २०२१मध्ये गेले आणि वारसाने हिस्सा आला, असं तुम्ही नंतर कळवलंत. तर गोष्ट कोथरूडपेक्षा वेगळी आहे. भारतात नफा काढताना वडिलांची मूळ किंमत धरतात. अमेरिकेत वारशाने आलेल्या मालमत्तेची किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. त्या दिवशी घर साठ लाखांचं असेल तर तिथूनच मोजायचं, आणि तेही त्या दिवशीच्या, सुमारे ७४ रुपयांच्या दराने. रुपया तेव्हापासून घसरलाच आहे, त्यामुळे डॉलरमधला नफा नगण्य निघण्याची शक्यता बरीच, मग भारतात कितीही टॅक्स लागो. पण त्यासाठी कागद लागतो. रेडी रेकनरचा आकडा एकटा पुरत नाही. सरकारमान्य व्हॅल्युअरकडून मृत्यूच्या तारखेचा रिपोर्ट काढून घ्या, आणि तो विक्रीची बोलणी सुरू व्हायच्या आधी, भावंडांनी मिळून एकच काढा. घर वडिलोपार्जित असेल, सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव अजून असेल, तर हा नियम सरळ लागत नाही. तेव्हा उतारे घेऊन दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या माणसाकडे जा, आणि तोवर इसार घेऊ नका.